कठड्याची जागा

शनिवारी निळे फायनल हरले आणि रविवारी सकाळी थोरल्या जावयाला कळलं, की दुःखातसुद्धा आपला नंबर दुसराच लागलाय.

पेपर उघडला तर पहिल्या पानावर साडू! कॅप्टन नाही, गोलकीपर नाही, शेवटची पेनल्टी खांबावर मारणारा तो बिचारा पोरगाही नाही. साडू. गळ्यात निळा मफलर, डावा हात गालावर, तोंड वेडंवाकडं आणि डोळ्यांतून घळाघळा धारा. खाली ठसठशीत अक्षरांत छापलेलं, 'साऱ्या शहराचे अश्रू'. थोरल्यानं पेपरची घडी करून तो टेबलाखाली भिरकावला. मग वाकून परत काढला आणि परत पाहिला. साऱ्या शहराचे म्हणे! मग आम्ही काय परगावचे?

"अहो, बघितलंत का?" बायको फोन नाचवत आतून आली. "टीव्हीवर सारखे आपले धाकटे दाखवतायत. बघवत नाही हो! किती जिवाला लावून घेतलंय त्यांनी."

"आणि मी?"

"तुम्ही काय?"

"मी नाही का लावून घेतलं जिवाला?"

"तुम्ही काल घरी येऊन दोनदा वाढून घेतलंत आणि घोरलात," बायको म्हणाली आणि बहिणीला फोन लावायला गेली.

काही माणसांना दुःखानं भूक लागते, हे जगाला कोण समजावणार!

या दोन जावयांचं आधी सांगायला हवं, म्हणजे पोटदुखी कुठून सुरू झाली ते कळेल. थोरला दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. कुणाच्या तोंडात कुठला दात कसा बसेल, हे तो मेणाच्या साच्याकडे नुसतं बघून सांगतो. निळ्यांचा भक्त तर तो पोरवयापासूनचा. धाकटा रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंग मिसळून देतो. लग्न होऊन या घरात आला तेव्हा त्याला ऑफसाइड कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. थोरल्यानंच त्याला जेवणाच्या टेबलावर कपबश्या मांडून खेळ शिकवला. जेव्हा बघावं तेव्हा "दादा, हे कसं? दादा, ते कसं?" करत मागे असायचा. आणि आता हेच शेंबडं पोर साऱ्या शहराच्या वतीनं रडतंय!

पण खरं दुखणं पेपरातल्या फोटोचं नव्हतंच. खरं दुखणं होतं कठड्याच्या जागेचं.

स्टेडियमात गोलपोस्टच्या मागे, पहिल्या रांगेत, लोखंडी कठड्याला लागून एक खुर्ची आहे. ती सासरेबुवांची. तहहयात. त्या जागेवरून गोलची जाळी इतकी जवळ, की बॉल आत आला तर माणूस आपोआप मागे सरकतो. सासरेबुवांच्या कोपरांनी त्या कठड्याचा रंग पार घासून गेलेला. पण आता म्हाताऱ्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. इतक्या पायऱ्या उतरणं त्यांना जमेना. क्लबचा नियम असा, की तहहयात जागा एकदाच, एकाच माणसाच्या नावावर करून देता येते. सासरेबुवांनी सीझनच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं, "फायनल होऊ दे. मग मी बघून ठरवीन कुणाला द्यायची ते."

'बघून ठरवीन' म्हणजे काय? थोरल्याला वाटलं, ठरवायचं काय त्यात, थोरला मी! पण म्हातारा पक्का. म्हणाला, "तोवर दोघं वाटून बसा. पहिला हाफ थोरल्यांनी कठड्याशी, दुसरा धाकट्यांनी. उरलेला वेळ दोन रांगा मागे, तुमच्या सीझन पासच्या जागेवर."

सीझनभर तसंच चाललं आणि टीम जिंकत गेली. टीम जिंकत असताना काय करायचं, हे धाकट्याला थोरल्यानंच शिकवलेलं. "नीट ऐका साडूभाऊ. जिंकतोय तोवर काही म्हणजे काही बदलायचं नाही. मोजे तेच. केस कापायचे नाहीत. बसायचं तसंच बसायचं. अक्कल चालवायची नाही." धाकट्यानं मान डोलावली होती. त्याचे केस मानेवर आले तरी पठ्ठ्यानं न्हाव्याचं तोंड पाहिलं नाही.

फायनलच्या पहिल्या हाफमध्ये थोरला कठड्याशी होता आणि निळ्यांनी गोल खाल्ला. दुसऱ्या हाफमध्ये धाकटा कठड्याशी गेला आणि निळ्यांनी गोल फेडला. नशीब बघा एकेकाचं! मग जादा वेळ आला. हा जादा वेळ कुणाचा, हे म्हाताऱ्यानं सांगितलेलंच नव्हतं. थोरला दोन रांगा खाली वाकून ओरडला, "साडूभाऊ, उठा! आता माझी पाळी!"

धाकट्यानं वळून पाहिलं. गालावर हात धरूनच म्हणाला, "दादा, बरोबरी झालीये. आता बदलायचं नाही, तुम्हीच म्हणता ना?"

आजूबाजूचे सगळे थोरल्यावर खेकसले, "बसा हो खाली! बदलू नका काही!" थोरला बसला. त्याचाच नियम त्याच्याच थोबाडीत बसला होता, आणि आपलाच हात कुणाला दाखवणार? मग पेनल्ट्या झाल्या, शेवटची खांबावर लागली आणि कॅमेऱ्याला हवा होता तो चेहरा कठड्याशी सापडला.

पुढचा आठवडाभर शहरानं आपापल्या परीनं दुःख काढलं. लॅबमध्ये प्लास्टर ओतणारा सोबती रोज फोनवर मॅच लावायचा, बरोबरीचा गोल बघायचा आणि तिथेच फोन बंद करायचा. "माझ्या फोनात आपण अजून हरलेलो नाही," म्हणायचा. दोघा साडूंच्या स्टँडमध्ये ढोल वाजवणारा एकजण बसचा ड्रायव्हर आहे. स्टेडियमचा स्टॉप आला की तो मान दुसरीकडे फिरवून दरवाजे उघडायचा. बेकरीवाल्या बाईंनी खिडकीतला निळा केक काढला आणि तिथे काहीच ठेवलं नाही. मोकळी काच बघून लोक हळहळायचे. कुणी मॅचचा विषय काढत नव्हतं. घरात आजारी माणूस असल्यासारखं सगळं शहर हळू बोलत होतं.

थोरल्यालाही कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. लोक विचारत होते, नाही कशाला म्हणा! सोमवारी बसमध्ये ड्रायव्हरनं त्याचा हात हातात घेतला, दाबला. थोरल्यानं डोळे पुसायला रुमाल काढला. ड्रायव्हर म्हणाला, "साडूंची काळजी घ्या हो तुमच्या." बेकरीत बाईंनी पिशवीत दोन बन जास्तीचे टाकले. थोरला म्हणाला, "अहो, कशाला!" बाई म्हणाल्या, "त्यांना द्या. खात नसतील हो बिचारे." लॅबच्या मॅडमनी तर मुद्दाम केबिनमध्ये बोलावलं. थोरल्याला वाटलं, चला, निदान मॅडमना तरी माणसाची कदर आहे. मॅडमनी पेपर पुढे केला. "हे तुमचे नातेवाईक ना? यांची सही मिळेल का यावर?"

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते त्या दिवशी थोरल्याला कळलं. बन त्यानं बसमध्येच खाऊन टाकले, दोन्ही.

पेपर मात्र त्याच्याजवळ राहिला. दुपारी सगळे जेवायला गेले होते. एका आजींची कवळी पॉलिश करून झाली होती. समोर दिव्याचं भिंग होतं आणि हातात तो फोटो. थोरल्यानं सहज म्हणून फोटो भिंगाखाली धरला. सहज कसला! जखमेवरची खपली काढायची खाज ती, दुसरं काय! आणि बघता बघता तो खुर्चीत ताठ झाला.

डावा गाल उजव्यापेक्षा सुजलेला होता. ओठ एका बाजूला ओढलेला. बोटं गालावर अशी दाबलेली, जणू आत काहीतरी धरून ठेवलंय. दुःखानं माणूस दोन्ही बाजूंनी रडतो. हा एकाच बाजूनं रडत होता.

"दाढ!" थोरला मोठ्यानं ओरडला. लॅबमध्ये कुणी नव्हतं म्हणून बरं. "खालची डावी दाढ! अरे लबाडा!"

लगेच त्यानं मेहुणीला फोन लावला. आवाजात नुसता मध. "काय म्हणतायत आमचे साडूभाऊ? जेवणबिवण जातंय का?"

"कुठलं हो भाऊजी!" मेहुणी रडवेली झाली. "सगळं पातळ करून द्यावं लागतंय. घासच चावत नाहीत. सारखे गालाला हात लावून बसतात. इतकं दुःख करतं का हो कुणी?"

"नाही ना!" थोरला म्हणाला. "तेच म्हणतो मी. करतं का कुणी!"

फोन ठेवल्यावर त्यानं हात चोळले. किती दिवसांनी त्याला नीट श्वास घेता आला. पाठीवर थापा कसल्या देता? दाढदुखीला? येऊ दे रविवार!

रविवारी दुपारी स्टँडमधली जुनी मंडळी सासरेबुवांकडे जमायची होती. मोठी मॅच हरली की ही मंडळी त्यांच्याकडे येऊन नुसती बसतात. टीव्हीवर निळा टॉवेल टाकलेला असतो. म्हातारा स्वतः विषय काढेपर्यंत मॅचबद्दल कुणी बोलत नाही. आणि या रविवारी कठड्याच्या जागेचं कार्ड म्हाताऱ्याच्या शर्टाच्या खिशात होतं. वरून त्याचा कोपरा दिसत होता. थोरल्यानं आल्या आल्या तिकडेच बघून घेतलं.

खोली भरली होती. ड्रायव्हर खिडकीशी होता, बेकरीवाल्या बाई सोफ्यावर, बाकीचे भिंतीला टेकून. आणि धाकटा? धाकटा सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत! लोक आत आले की आधी त्याच्यापाशी जात, खांद्यावर हात ठेवत. धाकटा मान खाली घालून बसला होता. बोलत नव्हता. बोलेल कसा, तोंड उघडायची चोरी! दोन्ही बहिणी चहा देत होत्या. थोरला उठला, स्वयंपाकघरात गेला आणि एका ग्लासात बर्फ घालून पाणी घेऊन आला.

"घ्या साडूभाऊ. थंड पाणी."

"नको दादा, साधं चालेल."

"साधं कशाला? आठवडाभर अश्रू गाळताय. घशाला कोरड पडली असेल."

आता एवढ्या लोकांदेखत नाही कसं म्हणणार? धाकट्यानं एक घोट घेतला. घेतला आणि हात गालावर गेला, डोळे मिटले, दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं.

"आठवण आली हो त्यांना," बेकरीवाल्या बाईंनी सुस्कारा टाकला आणि अख्ख्या खोलीनं त्यांच्यामागून टाकला.

थोरल्याच्या डोक्यात सणक गेली. "कसली आठवण! दाढ आहे ती! खालची, डावी! हा माणूस टीमसाठी रडलेला नाही, दाढदुखीनं रडलाय! पेपरात छापलंय ते दाढदुखीचं पाणी आहे!"

मेहुणीच्या हातातला ट्रे तसाच राहिला. बायकोनं "अहो!" म्हटलं, पण ते दातांतल्या दातांत. सासरेबुवांनी धाकट्याकडे पाहिलं. "खरं का हो?"

"खरंय बाबा," धाकटा म्हणाला. कान लालबुंद झाले होते त्याचे. "दाढच आहे. क्वार्टर फायनलपासून दुखतेय. डॉक्टर म्हणाले, उपटून टाकू. पण दादांनी सांगितलं होतं, जिंकतोय तोवर काही बदलायचं नाही. केसही कापायचे नाहीत. मग दाढ कशी काढणार? म्हटलं, फायनल झाली की काढू."

"मग हरल्यावर काढायची होती!" थोरला म्हणाला.

"जीव धजला नाही, दादा. एवढी टीमसाठी ठेवलेली. आणि लोक घरी येऊन गळ्यात पडून रडत होते. त्यांना काय सांगू, माझी दाढ दुखतेय म्हणून?"

ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढली. "क्वार्टर फायनलपासून!" तो पुटपुटला. बेकरीवाल्या बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "बाई गं, केवढं सोसलं!" भिंतीला टेकलेले दोघे-तिघे पुढे आले आणि त्यांनी धाकट्याची पाठ पुन्हा नव्यानं थोपटली.

घ्या! काढायला गेलो काटा आणि बसवला मुकुट! थोरल्याचा आवाज चढला. तिथेच गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण मत्सर माणसाला गप्प बसू देतो होय?

"सोसलं असेल! पण रडला तो दाढेसाठीच! अहो, त्या पोरानं शॉट मारलासुद्धा नव्हता. बॉल ठेवत होता नुसता, तेव्हाच याच्या डोळ्यांना धार लागली होती! मी स्वतः पाहिलंय! दोन रांगा मागे होतो मी, पापणीसुद्धा लवली नाही माझी! शॉट मारताना बघत होतो, मारून झाल्यावरही याच्याकडेच..."

आणि तिथे तो थांबला. पण थांबून उपयोग नव्हता. बोलून गेला होता.

सासरेबुवांनी मान वर करून थोरल्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे शॉट तुम्ही पाहिला नाहीत."

थोरल्यानं तोंड उघडलं. आजवर हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सगळं स्टेडियम श्वास रोखून गोलकडे बघत होतं आणि हा एकटा माणूस साडूच्या गालाकडे बघत होता. माझ्या जागेवर बसलाय, माझ्या कठड्यावर कोपरं टेकलीत, आता जिंकलो तर यालाच मिठ्या मारतील, हेच सगळं मनात. अचानक लोक किंचाळले आणि त्यानं वळून पाहिलं तोवर बॉल बाहेर गेलेला होता. जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवसाचा शेवटचा शॉट त्यानं घरी येऊन, सोफ्यावर बसून, टीव्हीवर पाहिला. गुडघे गेलेल्या सासऱ्यानं पाहिला, तसाच.

सासरेबुवा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची धाकट्याकडे वळवली.

"तुम्ही पाहिलात?"

"पाहिला, बाबा. पाण्यानं जरा अंधुक दिसत होतं. पण पाहिला."

"सांगा."

आठवडाभरात पहिल्यांदाच कुणीतरी तो शॉट सांगणार होतं. ड्रायव्हर खिडकीपासून पुढे सरकला. बहिणी दारात येऊन उभ्या राहिल्या. धाकट्यानं ग्लास खाली ठेवला.

"पोरानं बॉल शर्टाला पुसला," तो म्हणाला. गालामुळे शब्द जाड येत होते. "मग आमच्याकडे बघितलं. म्हणजे गोलकडेच असेल, पण मला वाटलं, माझ्याकडे. खूप लहान दिसला हो. पळत आला आणि मारला. गोलकीपर उलट्या बाजूला पडला होता, बाबा. सगळी जाळी मोकळी. मला वाटलं, आला आत! मी मागेसुद्धा सरकलो. तेवढ्यात खांबाला लागला. टीव्हीवर ठण्‌ असा येतो ना आवाज, तसा नव्हता. बारीक होता. शेजारच्या घरात कुणी दार लावावं तेवढाच. कठड्यावर एक हात होता माझा. कानाआधी तो हातालाच कळला."

मग मात्र खोलीचा बांध फुटला. ड्रायव्हर एवढा बाप्या माणूस, पण खिडकीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागला. बेकरीवाल्या बाई उघडउघड रडल्या. सासरेबुवांनी चष्मा काढला आणि तो न पुसताच मांडीवर ठेवला. "हातालाच कळतो," ते म्हणाले. "मलाही एकदा तसाच कळला होता." सगळे एकदमच बोलायला लागले, कुणी बरोबरीच्या गोलबद्दल, कुणी त्या पोराबद्दल, त्याच्या आईला काय वाटलं असेल त्याबद्दल. आठवडाभर छातीवर बसलेलं ओझं तासाभरात सैल झालं. एकटा थोरला भिंतीशी उभा होता. त्याच्याकडे सांगायला काहीच नव्हतं. त्यानं पाहिलेलं सगळं साडूच्या गालावर संपत होतं.

निघायच्या वेळी सासरेबुवांनी खिशातलं कार्ड काढलं आणि धाकट्याच्या हातात ठेवलं.

धाकटा गडबडला. "बाबा, दादांना द्या. खरंच द्या. मला सगळं त्यांनीच शिकवलंय."

"त्यांना देऊन काय उपयोग?" म्हातारा म्हणाला. आवाजात ना राग, ना टोमणा. "ते कठड्याशी बसले तरी मान वळवून तुमच्याकडेच बघत बसतील."

आणि खरंच, थोरला त्या क्षणीही धाकट्याच्या हातातल्या कार्डाकडेच बघत होता.

बाहेर दाराशी दोघे साडू बूट घालत होते. बायका आत निरोप घेत होत्या. धाकट्यानं कार्ड खिशात घातलं, मग काढून दुसऱ्या खिशात घातलं, जणू कुठल्याही खिशात ते थोरल्याला दिसणारच होतं. म्हणाला, "दादा, उद्या दाढ काढून टाकतो. तुमच्याच लॅबमध्ये येईन म्हणतो नव्या दातासाठी."

"कोणत्या हाताला?" थोरल्यानं विचारलं.

"काय, दादा?"

"आवाज. कोणत्या हाताला कळला?"

धाकट्यानं क्षणभर विचार केला आणि उजवा हात पुढे केला. रंगाच्या दुकानातला हात. नखांत पिवळा रंग अडकलेला, बाकी काही विशेष नाही. थोरल्यानं तो आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटा केला, तळवा पाहिला. धाकट्याला वाटलं, दादा माफी मागतायत. त्याचे डोळे पुन्हा भरून आले, आणि या वेळी दाढेनं नाही.

थोरला माफी मागत नव्हता. तो त्या हाताकडे बघत होता आणि त्याचं पोट अजून दुखतच होतं.